अल्गोरिदमचा जमाखर्च: रॉबर्ट टार्जन यांचं काम

कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात एक दहा-बारा ओळींचा प्रोग्राम असतो. नाव ‘युनियन-फाइंड’. मुलं तो अर्ध्या तासात लिहून मोकळी होतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. तो नेमका किती वेगवान आहे, हे ठरवायला मात्र जाणकारांना अकरा वर्षं लागली. १९६४ मध्ये गॅलर आणि फिशर यांनी त्याची मूळ कल्पना मांडली आणि १९७५ मध्ये रॉबर्ट टार्जन यांनी उत्तर दिलं. ते उत्तर इतकं चमत्कारिक होतं की आजही वर्गात ते सांगितलं की निम्मी मुलं वहीतून डोकं वर काढतात.

आधी प्रश्न काय ते पाहू. लाखो माणसं आहेत आणि एकेक करून त्यांच्या ओळखी होत आहेत. दोघांची ओळख झाली की त्यांचे गट मिळून एकच गट होतो. मधूनच कोणीतरी विचारतं, ‘हे दोघे एकाच गटातले का?’ दर वेळी सगळी यादी चाळत बसलं तर दिवस मावळेल. म्हणून प्रत्येक गटाला एक म्होरक्या नेमायचा आणि प्रत्येकाने आपल्या ‘वरच्या’कडे बोट दाखवायचं. बोटाच्या दिशेने वर वर जात राहिलं की शेवटी म्होरक्या सापडतो. दोघांचा म्होरक्या एकच असेल तर गट एकच. दोन गट जोडायचे तर एका म्होरक्याने दुसऱ्याकडे बोट करायचं, झालं.

यात दोन सुधारणा आहेत. पहिली सरळ आहे: जोडताना लहान गट मोठ्याच्या खाली घालायचा, म्हणजे साखळी फार लांबत नाही. खरी गंमत दुसरीत आहे. समजा अ चं बोट ब कडे, ब चं क कडे, क चं ड कडे, ड चं इ कडे, आणि इ म्होरक्या. अ चा म्होरक्या विचारला तर चार उड्या माराव्या लागतात. तो सापडला की थांबायचं नाही. परत फिरून अ, ब आणि क या तिघांचीही बोटं थेट इ कडे वळवून ठेवायची. ही सफाई कोणी मागितलेली नव्हती, तिच्यासाठी थोडं जास्तीचं काम पडलं. पण पुढच्या वेळी अ, ब, क किंवा त्यांच्या खालच्या कोणाबद्दलही विचारलं तर वाट आखूड झालेली असते. याला ‘पाथ कॉम्प्रेशन’ म्हणतात.

आता हिशेब. फक्त पहिली सुधारणा वापरली तर एका प्रश्नाला जास्तीत जास्त ‘लॉग एन’ उड्या. एन म्हणजे एकूण माणसं. लॉग म्हणजे, इथे, एखादी संख्या किती वेळा निम्मी केली की १ उरतो. ६५,५३६ सोळा वेळा निम्मी होते, म्हणजे लॉग १६. दुसरी सुधारणा आली आणि हिशेब बिघडला, कारण आता प्रत्येक प्रश्न पुढच्या प्रश्नांचा खर्च बदलत होता. १९७३ मध्ये हॉपक्रॉफ्ट आणि उलमन यांनी दाखवलं की सरासरी खर्च ‘लॉग-स्टार’च्या पुढे जात नाही. लॉग-स्टार म्हणजे लॉगचाच लॉग, त्याचा पुन्हा लॉग, असं किती वेळा केलं की १ येतो. ६५,५३६ चा लॉग १६, त्याचा ४, त्याचा २, त्याचा १. चार वेळा. आणि २ चा ६५,५३६ वा घात घेतला, जी संख्या लिहायलाच १९,७२९ अंक लागतात, तर तिचा लॉग-स्टार फक्त ५.

इथे बहुतेकांनी हात टेकले असते. पाच म्हणजे पाच, व्यवहारात संपलं. टार्जन यांनी विचारलं, हे तरी नेमकं आहे का? उत्तर होतं, नाही, खर्च याहूनही कमी आहे. लॉग-स्टार किती वेळा लावला की १ येतो ते मोजलं तर मिळतो लॉग-स्टार-स्टार. मग तो किती वेळा लावावा लागतो, हे मोजून पुढची पायरी. अशा पायऱ्या चढत राहायचं. उत्तर अगदी लहान होईपर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागल्या, ती संख्या म्हणजे युनियन-फाइंडचा सरासरी खर्च. गणितात याला आकरमान फलनाचा व्यस्त, म्हणजे त्याचं उलटं फलन, म्हणतात. कोणत्याही कॉम्प्युटरमध्ये मावेल अशा कुठल्याही आकड्यासाठी तो ४ च्या वर जात नाही. तरीही तो स्थिर नाही. एन वाढत गेला की तोही अनंताकडे जातो, फक्त माणसाच्या कल्पनेला झेपणार नाही इतक्या संथ गतीने.

याहून मला अचंबा वाटतो तो पुढच्या भागाचा. खर्च यापेक्षा खाली आणता येत नाही, हेही टार्जन यांनी दाखवलं. आधी याच अल्गोरिदमसाठी, मग १९७९ मध्ये अशा पद्धतीच्या एका मोठ्या वर्गासाठी. १९८९ मध्ये फ्रेडमन आणि सॅक्स यांनी ती मर्यादा आणखी व्यापक केली. म्हणजे ते विचित्र फलन टार्जन यांच्या सिद्धतेच्या आडवळणातून आलेलं नाही, ते त्या प्रश्नातच दडून होतं. ओळखीचे गट जोडण्यासारख्या साध्या कामात इतक्या मंद वाढीचं गणित दडलेलं असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

टार्जन यांचा जन्म १९४८ चा, कॅलिफोर्नियातल्या पोमोनाचा. लहानपणी त्यांना खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं. शाळेत असतानाच पंचकार्डांच्या यंत्रांवर काम करायला मिळालं. कॅलटेकमधून १९६९ मध्ये गणिताची पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला आले आणि १९७२ मध्ये रॉबर्ट फ्लॉइड यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी झाले. त्या काळात कॉर्नेलचे जॉन हॉपक्रॉफ्ट वर्षभरासाठी स्टॅनफर्डला आले होते आणि दोघांचं बसणं एकाच खोलीत होतं. प्राध्यापक आणि विद्यार्थी यांना एका खोलीत बसवण्याचा याहून फायदेशीर निर्णय कुठल्या विभागाने घेतला असेल असं मला तरी वाटत नाही.

त्या खोलीत जे सुटलं ते असं. कागदावर काही ठिपके आहेत आणि काही जोड्यांमध्ये रेघा ओढायच्या आहेत. एकही रेघ दुसरीला न छेदता हे चित्र काढता येईल का? तीन घरं आणि पाणी, वीज, गॅस यांची तीन केंद्रं, प्रत्येक घराला तिन्हींची जोडणी, आणि कुठेही छेद नको, हे कोडं अनेकांनी वहीच्या मागच्या पानावर सोडवायचा प्रयत्न केला असेल. ते सुटत नाही. १९३० मध्ये कुरातोव्स्की यांनी नेमकी अट सांगितली: चित्रात हे कोडं दडलेलं नसेल आणि पाच ठिपके एकमेकांना सगळे जोडलेले अशी रचनाही दडलेली नसेल, तर छेद न देता चित्र निघतं. पण अट माहीत असणं वेगळं आणि लाखभर ठिपक्यांत ती पटकन तपासणं वेगळं. आधीच्या एका पद्धतीत ठिपक्यांच्या घनाइतकं काम पडायचं. हजार ठिपके म्हणजे १०० कोटी पावलं. हॉपक्रॉफ्ट आणि टार्जन यांनी ते काम ठिपक्यांच्या संख्येच्या प्रमाणात आणून ठेवलं. ठिपके दुप्पट तर काम दुप्पट, बस्स.

त्यांचं हत्यार होतं ‘डेप्थ-फर्स्ट सर्च’. एका वाटेने जाता येईल तितकं खोल जायचं, वाट संपली की एक पाऊल मागे येऊन दुसरी वाट धरायची. ही रीत नवी नव्हती, चक्रव्यूहातून बाहेर पडण्यासाठी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ट्रेमो यांनी ती सांगितलेली होती. नवं होतं ते असं की अशा फिरण्यातून ग्राफची, म्हणजे ठिपके आणि रेघांच्या जाळ्याची, अख्खी रचना हाती लागते, हे ओळखणं.

१९७२ मधलं टार्जन यांचं एकट्याचं उदाहरण घेऊ. सगळे रस्ते एकदिशा आहेत असं शहर समजा. कोणत्या चौकांचे असे गट पडतात की गटातल्या कुठल्याही चौकातून कुठल्याही चौकात जाता येतं आणि परतही येता येतं? टार्जन एकदाच फेरी मारतात. प्रत्येक चौकाला भेटीच्या क्रमाने नंबर देतात आणि त्याच्यासोबत दुसरा एक आकडा ठेवतात: ‘इथून पुढे जाऊन, अजून गट न ठरलेल्या चौकांपैकी सर्वांत आधीच्या कोणत्या नंबरापर्यंत मागे पोचता येतं?’ भेट दिलेले चौक एकावर एक रचून ठेवलेले असतात. एखाद्या चौकातून निघणाऱ्या सगळ्या वाटा संपल्या आणि तरी त्याच्या स्वतःच्या नंबरामागे जाता आलं नाही, की तो त्याच्या गटाचा पहिला चौक. त्याच्यापासून वरचे सगळे रचलेले चौक उचलायचे, तो एक गट. दुसरी फेरी नाही, उलट तपासणी नाही. नामवंत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या आवडत्या अल्गोरिदममध्ये याचं नाव घेतलं आहे, त्यात नवल नाही. एक्सेलमध्ये एक खाना दुसऱ्यावर आणि दुसरा फिरून पहिल्यावर अवलंबून असला तर तो घोळ अशाच पद्धतीने पकडता येतो. सॉफ्टवेअरचे भाग एकमेकांवर गोल फिरून अवलंबून असतील तर तेही.

१९७३ मध्ये आणखी एक निबंध आला: न लावलेल्या यादीतला मधला आकडा, यादी क्रमाने न लावता, रेषीय वेळात, म्हणजे यादीच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेऊन, शोधायचा. लेखक पाच: ब्लम, फ्लॉइड, प्रॅट, रिव्हेस्ट आणि टार्जन. पुढे यातल्या चौघांना कॉम्प्युटर सायन्समधला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. टार्जन यांचा १९८६ चा, हॉपक्रॉफ्ट यांच्याबरोबर वाटून.

या सगळ्या कामातून एक सूत्र जातं आणि १९८५ मध्ये टार्जन यांनी त्याला नाव दिलं: ‘अमॉर्टाइज्ड’ विश्लेषण. तोवर अल्गोरिदमची किंमत ठरवताना एक पाऊल जास्तीत जास्त किती महाग पडू शकतं ते बघायचे. टार्जन म्हणाले, सगळ्या पावलांचं एकत्र बिल बघा.

एक आकडेमोड करून पाहू. यादी साठवायला जागा घ्यायची आहे. सुरुवातीला एकाच आकड्याची जागा. भरली की दुप्पट जागा घ्यायची आणि जुने सगळे आकडे नव्या जागेत उतरवून काढायचे. १,०२५ वा आकडा आला तेव्हा १,०२४ आकडे उतरवावे लागले. हे एक पाऊल भयंकर महाग दिसतं. पण सुरुवातीपासूनचं सगळं उतरवणं बेरजेत घ्या: १ + २ + ४ करत १,०२४ पर्यंत, एकूण २,०४७. त्यात प्रत्येक आकडा एकदा लिहिण्याचे १,०२५ मिळवले तर ३,०७२. आता असं समजा की आकडा टाकताना दर वेळी ३ नाणी घेतली. एक लिहिण्यात गेलं, दोन खात्यात पडली. १,०२५ आकड्यांमागे ३,०७५ नाणी जमा, ३,०७२ खर्च. शिल्लक ३. खातं कधीही उणे झालं नाही, म्हणून दर पावलाची खरी किंमत ३ असं छातीठोक सांगता येतं. टार्जन यांनी स्वतः याला सावकाराचा दृष्टिकोन म्हटलं होतं. दुसरा होता भौतिकशास्त्रज्ञाचा, जिथे नाण्यांऐवजी रचनेत ‘साठलेली ऊर्जा’ मोजतात. दोन्हींचं उत्तर सारखंच येतं.

यात कुठेही नशिबाचा भाग नाही, हे लक्षात घ्यायला हवं. ही ‘बहुतेक वेळा असं होतं’ छापाची सरासरी नव्हे. कितीही खोडसाळ माणसाने कितीही वाईट क्रमाने प्रश्न विचारले तरी एकूण बिल त्या मर्यादेत राहतं. फक्त एखादं एकटं पाऊल महाग पडू शकतं. म्हणून गाडीच्या एअरबॅगच्या प्रोग्रामसाठी अशी रचना कोणी घेऊ नये. तिथे नेमकं तेच पाऊल महाग निघालं तर सरासरीचं कौतुक ऐकायला कोणी उरणार नाही.

या विचाराचं सर्वांत देखणं फळ म्हणजे ‘स्प्ले ट्री’. ट्री म्हणजे शेंड्यापासून खाली फाटे फुटत जाणारी माहितीची मांडणी, आणि तिच्यातली प्रत्येक जागा म्हणजे नोड. टार्जन १९८० मध्ये बेल लॅब्जमध्ये गेले. स्टॅनफर्डमधला त्यांचा विद्यार्थी डॅनिअल स्लीटरही तिथे आला. दोघे नळातून किंवा तारांतून जास्तीत जास्त प्रवाह कसा न्यावा या प्रश्नावर काम करत होते. त्यासाठी बनवलेली रचना फार गुंतागुंतीची झाली होती, ती सुटसुटीत करता करता स्प्ले ट्री निघाला. निबंध १९८५ चा.

नेहमीचे समतोल ट्री प्रत्येक नोडसोबत काही हिशेब ठेवतात: उंची किती, रंग कोणता. स्प्ले ट्री काहीच ठेवत नाही. त्याचा नियम एकच, जो नोड शोधला तो वळणं देत देत शेंड्यावर आणायचा. रोज लागणारं मिक्सरचं भांडं आपसूक ओट्यावर राहतं आणि पुरणयंत्र माळ्यावर जातं, तसंच इथेही होतं. कोणी यादी करून ठरवलेलं नसतं.

पण ‘वर आणायचा’ म्हणजे कसा, यातच सगळी मेख आहे. १ ते ७ आकडे एका सरळ साखळीत लटकलेले समजा: शेंड्यावर ७, खाली ६, असं करत तळाला १, सहा पायऱ्या खोल. १ ला त्याच्या लगतच्या वरच्याबरोबर अदलाबदलीचं वळण देत एकेक पायरी वर आणलं, तर १ शेंड्यावर येतो खरा, पण उरलेली साखळी त्याच्याखाली जशीच्या तशी राहते. आता २ सहा पायऱ्या खोल. पुढच्याने २ मागितला, मग ३, मग ४, की दर वेळी पुन्हा लांबलचक वाट. ही साधी रीत आधीच्या लोकांनी करून पाहिली होती आणि ती तोकडी पडते, हेही ठाऊक होतं.

स्लीटर आणि टार्जन यांनी केलेला बदल इतका लहान आहे की पहिल्या वाचनात डोळ्यांखालून निसटतो. नोड, त्याचा बाप आणि आजा एकाच रेषेत असतील तर आधी बापाला आजावर फिरवायचं, मग नोडला बापावर. क्रम तेवढा उलटा. आता त्याच साखळीत १ वर आणा. त्याच्याखाली ६ येतो, सहाखाली ४ आणि ७, चाराखाली २ आणि ५, आणि दोनाखाली ३. सर्वांत खोल नोड सहा पायऱ्यांवरून चारवर आला. साखळी लांब असेल तर वाटेवरच्या जवळपास सगळ्यांची खोली अशीच निम्मी होते. मागितला होता एकच नोड, आणि वाटेवरची सगळी मंडळी वर सरकली. पाथ कॉम्प्रेशनचा हा सख्खा भाऊ आहे.

बिल किती? कितीही प्रश्न विचारा, दर प्रश्नाला सरासरी लॉग एनच्या प्रमाणातच. शिवाय ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा किंवा नुकत्याच मागितल्या गेल्या त्या त्याहून स्वस्त. दोघांनी तेव्हा एक अंदाजही मांडला: प्रश्न आधीच माहीत असणाऱ्या सर्वोत्तम वळण-ट्रीपेक्षाही स्प्ले ट्री फार तर ठरावीक पटीने महाग पडेल. भविष्य न पाहता भविष्य पाहणाऱ्याची बरोबरी. याची सिद्धता अजून कोणाला जमलेली नाही. २००४ मध्ये डेमेन, हार्मन, आयकोनो आणि पॅट्रास्कू यांचा ‘टँगो ट्री’ लॉग-लॉग एन पटीपर्यंत आला, पण तो वेगळा ट्री आहे.

व्यवहारात स्प्ले ट्री सगळीकडे वापरतात असं समजू नका. प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या जीसीसी कंपायलरच्या लायब्ररीत तो आहे, पण लिनक्सचा गाभा रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे नोडचा रंग ठेवणारा समतोल ट्री, वापरतो. कारण सोपं आहे. स्प्ले ट्रीमध्ये नुसतं वाचलं तरी रचना बदलते. एकाच वेळी आठ थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे सोबत चालणारे आठ भाग, वाचायला आले तर आठही जण ट्री फिरवू पाहतात, आणि मग कुलपं लावण्यातच वेळ जातो.

‘फिबोनाची हीप’ची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण माझ्या मते ती वापरापेक्षा प्रसिद्धच जास्त आहे. हीप म्हणजे सर्वांत लहान आकडा चटकन काढून देणारी मांडणी. फ्रेडमन आणि टार्जन यांची ही रचना. कामं शक्य तितकी लांबणीवर टाकायची आणि सर्वांत लहान आकडा काढायची वेळ आली की एकदमच आवराआवर करायची. तिच्यामुळे सर्वांत जवळची वाट शोधणारा डाइक्स्ट्रांचा अल्गोरिदम कागदावर तेव्हाच्या सर्वोत्तम मर्यादेत बसला. यंत्रावर मात्र तिच्या पॉइंटरांच्या, म्हणजे एका जागेने दुसरीकडे दाखवलेल्या बोटांच्या, जंजाळापुढे साधी बायनरी हीप बहुधा बाजी मारते.

१९८५ पासून टार्जन प्रिन्स्टनमध्ये आहेत. आणि डाइक्स्ट्रांच्या त्याच अल्गोरिदमवर, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, ते हॉयप्लर, ह्लादिक, रोझहोन आणि त्येत्येक या तरुण सहकाऱ्यांबरोबर परत आले. २०२४ च्या एफओसीएस या कॉम्प्युटर सायन्सच्या परिषदेत सर्वोत्तम निबंधाचा मान मिळालेलं हे काम सांगतं की योग्य हीप दिली तर डाइक्स्ट्रांचा अल्गोरिदम प्रत्येक नकाशासाठी सर्वोत्तम आहे. मुंबईसारखा दाट नकाशा असो की एकाच घाटरस्त्याचा, त्या आकाराच्या नकाशावर दुसरी कोणतीही रीत त्याला ठरावीक पटीपेक्षा जास्त मागे टाकू शकत नाही. ‘योग्य हीप’ म्हणजे अशी की नुकत्याच आत आलेल्या गोष्टी बाहेर काढायला स्वस्त पडतात. हा गुण स्प्ले ट्रीमध्ये चाळीस वर्षांपूर्वी दाखवलेलाच.

पुढच्याच वर्षी बातमी आली की रान दुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाइक्स्ट्रांपेक्षा वेगवान रीत शोधली. मग आधीचा दावा खोटा पडला का? नाही. २०२४ च्या सिद्धतेतला प्रश्न आहे ‘सगळी ठिकाणं जवळून लांब अशा क्रमाने लावून द्या’. दुआन यांचा प्रश्न आहे ‘प्रत्येक ठिकाणाचं अंतर तेवढं सांगा, क्रम नको’. क्रमाची सक्ती काढली की थोडं काम वाचतं, आणि विरळ नकाशांवर तेवढ्या बचतीतून ते डाइक्स्ट्रांच्या पुढे गेले.